मोडायचं ते दारात मोडू दे

"चाक काढा," मेस्त्री म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातली ती शेड. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला खोलून ठेवलेली तीन-चार इंजिनं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले केबलींचे झुबके. मे महिन्याचं ऊन पत्र्यातून आत उतरत होतं. गणपती उठले की लडाखला निघायचं ठरलं होतं आणि त्यासाठी गाडी तयार करून घ्यायला मी आलो होतो. खिशात बावीस कलमांची यादी होती, महिनाभर खपून केलेली. मेस्त्रींनी ती वाचली, नीट घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवली. मग हे 'चाक काढा'.

गाडी अठरा वर्षं माझ्याकडे आहे. साडेतीनशे सीसीची, कार्बोरेटरवाली, किकवाली. किक मारायच्या आधी ॲमीटरचा काटा मध्यावर आणावा लागतो एवढं सांगितलं की ओळखणारे ओळखतील. या अठरा वर्षांत तिचं एकही चाक मी हातानं काढलेलं नव्हतं. पंक्चर झाली की ढकलत न्यायची आणि टपरीवर उभं राहून फोनवर बोलायचं, एवढाच माझा अनुभव.

मागचं चाक निघेपर्यंत पाऊण तास गेला. चेनचा लॉक पक्कडीनं काढताना टणकन उडाला, तो लेथखालच्या किसात सापडला. एक्सल ओढला तसा एक छोटा गोल बुश घरंगळत येऊन पायाशी थांबला. तो डावीकडून पडला की उजवीकडून, ते मला सांगता येईना. मेस्त्री चहा पिऊन परत आले आणि माझ्या हातातल्या बुशकडे बघत राहिले.

"फोटो काढला न्हवता?"

"नाही."

"मोबाईल कशाला हाय मग? उघडायच्या आधी एक फोटो, उघडल्यावर एक. आमच्या काळात खडूनं फरशीवर चित्र काढत हुतो."

टायर उतरवायचा होता तो पुढेच. दोन टायर पाने घालून कडा रिमच्या बाहेर काढायची, ट्यूब ओढायची, पॅच लावायचा, परत भरायची. वाचायला सोपं आहे. ट्यूब परत बसवताना मी पाना जरा जास्त आत घातला आणि रिम आणि पान्याच्या मध्ये ट्यूब चिमटली. हवा भरली तर जुनं पंक्चर बंद आणि शेजारी सापाच्या दातांसारखी दोन नवी भोकं. दुसरी ट्यूबही मी अशीच फोडली. तिसऱ्या वेळेस मेस्त्रींनी सांगितलं, ट्यूब आत सारायच्या आधी तिच्यात दोन-चार पंप हवा भरायची, म्हणजे ती गोल राहते आणि घडी पडून पान्याखाली येत नाही. कडेला साबणाचं पाणी लावायचं. शेवटचा वीतभर भाग पान्यानं नाही, गुडघे टेकून अंगठ्यांनी बसवायचा. आणि व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बघायचा, तो मोकळा पाहिजे. त्या दिवशी मी सकाळी दहाला गेलो होतो, घरी आलो तेव्हा चार वाजले होते. हात कोपरापर्यंत काळे आणि गाडीचं काम म्हणाल तर शून्य.

"सर, तिकडं मेस्त्री कोण? तुमीच," निघताना ते म्हणाले. "हितं चुकलं तर च्या पिऊन परत करता येतंय. तिथं थंडीनं बोटं वळंनात. मोडायचं ते दारात मोडू दे."

तयारी म्हणजे खरेदी, असा माझा तोवरचा समज होता. तो माझ्या एकट्याचा नाही. लांबच्या दौऱ्याला निघणारा प्रत्येक जण आधी दुकानात जातो. माझा भाचा, जो या दौऱ्यात सोबत येणार होता, त्यानं पुण्यातून फोनवर मला जे फोटो पाठवले त्यात जॅकेट होतं, गुडघ्यांची कवचं होती, दोन धुक्याचे दिवे, मोबाईलचा स्टँड, हँडलवर लावायचा कॅमेरा आणि जलरोधक पिशव्यांचा संच. त्याची गाडी दोन वर्षांची. पेट्रोल इंजेक्शन, एबीएस, ट्यूबलेस टायर. "मामा, तुझी गाडी पोचेल ना?" हा त्याचा लाडका प्रश्न.

प्रश्न अगदीच गैर नव्हता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. मनाली–लेह रस्त्यावरची तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्मा होतो. इंजिनाला पेट्रोलबरोबर हवाही जाळायला लागते, आणि कार्बोरेटरला बिचाऱ्याला कळत नाही की हवा विरळ झाली. तो आपला सवयीनं तेवढंच पेट्रोल सोडत राहतो. मग मिश्रण दाट होतं, प्लग काळा पडतो, सायलेन्सरमधून धूर येतो आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दमेकऱ्यासारखी चढते. भाच्याच्या गाडीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याप्रमाणे संगणक पेट्रोल कमी करतो. ताकद मात्र त्याचीही घटणार, कारण जाळायला हवाच कमी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे पुढची पिढी ही भानगड विसरणार आहे. मला विसरून चालणार नव्हतं.

मेस्त्रींनी कार्बोरेटर माझ्याकडूनच उघडून घेतला. आत एक पितळी सुई असते, तिच्या डोक्याशी बारीक खाचा, एका खाचेत नखाएवढी क्लिप. क्लिप एक खाच वर चढवली की सुई तेवढी खाली बसते आणि पेट्रोलची वाट अरुंद होते. एवढंच. उंचीवर गेल्यावर हे करायचं आणि खाली उतरल्यावर न विसरता पूर्ववत करायचं, नाहीतर मैदानात इंजिन कोरडं चालून तापणार. ती क्लिप मी त्या दुपारी नऊ वेळा काढली आणि घातली. सहाव्या वेळी ती उडाली. मेस्त्रींनी खणातून दुसरी दिली आणि वर आणखी दोन एका काडेपेटीत घालून दिल्या.

कोल्हापूरला यंत्राचं वेड जुनं. इथल्या फाउंड्र्या, तेल-इंजिनं, लेथ यांची गोष्ट निघाली की म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून निघतं. हाताला यंत्र समजणं ही इथं आदराची गोष्ट आहे. म्हणून 'मेस्त्री' हा शब्द या शहरात 'सर'पेक्षा कमी नाही. आणि म्हणूनच कदाचित आमच्या मेस्त्रींना गाडी 'देऊन जाणारा' माणूस आवडत नाही. मला त्यांनी दर रविवारी बोलावलं. जून उजाडेपर्यंत मी चेन, ब्रेक, केबली, पॉइंट, टॅपेट अशी वारी केली.

टॅपेटचा रविवार मला सगळ्यांत आवडला. इंजिन गार पाहिजे, म्हणून सकाळी किक न मारता गाडी ढकलत नेली. झाकण काढलं, पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. आता आतले दोन गज, ज्यांना पुशरॉड म्हणतात, ते चिमटीत धरायचे. चिमटीत धरून फिरवला तर गज फिरला पाहिजे. वर-खाली केला तर हलता कामा नये. या दोन्हीच्या मधली जी केसाएवढी जागा, तेच माप. मेस्त्री गेज वापरत नाहीत. जपमाळेचा मणी सरकवावा तसा गज बोटात फिरवतात, मान हलवतात, पाना लावतात, परत फिरवतात. "धरा," म्हणाले. मी धरला. मला घट्ट वाटला. "आता?" त्यांनी पाना अगदी किंचित वळवला. गज माझ्या बोटांत तेलकट, गुळगुळीत फिरला. जे माप पुस्तकातून कळत नव्हतं ते बोटांना कळलं. पॉइंटच्या फटीला मात्र गेज घ्यायचा, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. गेज हरवला तर? जाड व्हिजिटिंग कार्ड. मी माझंच एक कार्ड हत्यारांच्या गुंडाळीत ठेवलं. आयुष्यात त्याचा इतका चांगला उपयोग झाला नव्हता.

भाचा एका शनिवारी गाडी घेऊन आला तेव्हा त्याला मेस्त्रींचा हिसका मिळाला. त्याच्या आरशाचा क्लॅम्प ढिला होता, खड्ड्यात आरसा फिरायचा. मेस्त्रींनी शेजारच्या टपरीवरून कोल्ड्रिंकचा रिकामा डबा आणला, कात्रीनं बोटभर पत्रा कापला आणि क्लॅम्पमध्ये घालायला निघाले. भाच्यानं गाडीवर हात आडवा धरला. "नको, मी शोरूममधून नवीन क्लॅम्प मागवतो." मला हसू आलं, कारण या भांडणावर एक अख्खं पुस्तक आहे. रॉबर्ट पिर्सिग यांचं 'झेन अँड दि आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' १९७४ मध्ये आलं. त्यातला निवेदक मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून निघतो. बरोबरच्या मित्राच्या भारी बीएमडब्ल्यूचं हँडल ढिलं होतं, आणि निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून घालू म्हणतो तर मित्र दुखावतो. पत्रा तोच असतो, काम तेच करतो, पण त्याला गाडीचा अपमान वाटतो. मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या मित्राचं बरोबरच होतं." क्लॅम्प त्यानं मागवला. तो यायला तीन आठवडे लागले, तोवर पत्र्यावरच भागलं. मेस्त्रींनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, हे त्यांच्या मोठेपणात जमा.

पण नव्या गाडीचं सगळं चूक आणि जुनीचं सगळं बरोबर, असं लिहिणाऱ्यांतला मी नाही. भाच्याच्या ट्यूबलेस टायरचं पंक्चर चाक न काढता दहा मिनिटांत निघतं. खिळा उपटायचा, भोकात टोच्या फिरवायचा, चिकट दोरी खुपसायची, हवा भरायची. माझ्याकडून तेच काम चौथ्या प्रयत्नात पस्तीस मिनिटांत झालं, तेव्हा मी घरी पेढे नेले होते. उलट त्याचा अलॉय रिम मोठ्या खड्ड्यात वाकला की कडेनं हवा गळते आणि रस्त्यात त्यावर इलाज नाही. माझ्या काड्यांच्या रिमला आउट आला तर गावातला सायकलवालाही तो काढू शकतो. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, ते ओल्या डांबरावर जीव वाचवतं. सैल खडीच्या उतारावर तेच एबीएस ब्रेक सोडत राहतं, म्हणून काही गाड्यांना मागच्या चाकापुरतं बंद करायची सोय असते. ती सोय आपल्या गाडीत आहे का आणि बटण कुठं आहे, हे भाच्याला आमच्या शेडमध्ये कळलं. दोन वर्षं गाडी वापरून.

एक गोष्ट दोन्ही गाड्यांना सारखीच लागू होती, ती म्हणजे टायरचं वय. टायरच्या बगलेवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात. ३४१९ म्हणजे २०१९ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं आणि पावसात धरत नाही. माझ्या पुढच्या टायरची नक्षी उत्तम होती आणि आकडे असे की भाच्यानं विचारलं, "मामा, हा टायर बारावी झालाय का?" दोन्ही बदलले. चेनही बदलली. मागच्या चक्राच्या मध्यावर चेन चिमटीनं मागे ओढली तर निम्मा दात उघडा दिसत होता, आणि दात कोयत्यासारखे वाकलेले. अशा वेळी फक्त चेन बदलणं म्हणजे नव्या चपलेत जुना अंगठा. चेन आणि दोन्ही चक्रं एकत्रच बदलायची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधली रबरं नवी घातली. नळी शंभर रुपयांच्या आतली.

क्लचची केबल मात्र बदलली नाही. ही युक्ती मला फार आवडली. जुनी केबल चांगली चालत होती, ती तशीच ठेवायची. नवी केबल तिच्याच शेजारून, त्याच वळणांनी, हँडलपासून इंजिनापर्यंत नेऊन टायनं बांधून ठेवायची. दोन्ही टोकांना ग्रीस आणि प्लास्टिकची टोपी. जुनी तुटली तर नुसती टोकं बदलायची. टाकी उचलायला नको, अंधारात वाट शोधायला नको. ॲक्सिलरेटरच्या केबलीचंही तसंच. गाडीत सुटा भाग नेण्यापेक्षा तो जागेवर बांधून नेणं हे शहाणपण कुणाच्या डोक्यातून पहिल्यांदा निघालं असेल कोण जाणे.

आणि नेलपॉलिश. हिच्या कपाटातली लाल बाटली मी न विचारता नेली, त्याचं पुढं घरी जे झालं ते झालं. प्रत्येक महत्त्वाचा नट आवळून झाला की नट आणि शेजारचा पत्रा अशी सलग एक रेघ ओढायची. रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मारायची. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. साडेतीनशेच्या एका सिलिंडरची थरथर रोज पाच-सहा तास सोसायची तर नट फिरणारच. आमच्या गाडीवर सत्तावीस लाल रेघा होत्या. शेजारच्या लहान मुलीनं विचारलं, गाडीला हळदी-कुंकू लावलंय का.

सामानाचा विषय मी मुद्दाम मागं ठेवला, कारण त्यात माझी फजिती आहे. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले गृहस्थ बायकोला मागे बसवून १०० सीसीच्या गाडीवरून दोनदा लेहला जाऊन आले आहेत. त्यांना भेटायला गेलो. मागांच्या खडखडाटात ते मोठ्यानं बोलत होते. त्यांनी एक दोन पुडांचा स्टीलचा जेवणाचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. खालच्या पुडात हत्यारं, वरच्यात सुटे भाग. डबा बंद होईल तेवढंच न्यायचं. त्यांच्याकडे एक वही आहे. प्रत्येक दौऱ्यानंतर जे वापरलं नाही त्यावर रेघ. दोन दौरे न वापरलेल्या वस्तूला तिसऱ्यांदा जागा नाही. अपवाद दोनच, पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचार. "आणि ह्या," बायकोकडे हात करून ते म्हणाले. "एका दौऱ्यात उपयोग झाला नव्हता, तरी पुढच्या वेळी नेलं." आतून चहाबरोबर जे उत्तर आलं ते मागांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, त्यांना आलं.

परत आल्यावर माझं सामान मी वाण्याच्या काट्यावर ठेवलं. गाडीचं पाच लिटरचं पेट्रोलचं कॅन धरून एकेचाळीस किलो. मेस्त्रींनी दुकानातलं पाच किलोचं वजन माझ्या हातात दिलं आणि छातीशी धरायला सांगितलं. मग हात लांब करून धरायला सांगितलं. दहा सेकंदांत हात थरथरला. "गाडीला बी असंच हुतंय." जड वस्तू खाली आणि बसणाऱ्याच्या जवळ, हलक्या वर आणि मागे. मागच्या दिव्याच्या पलीकडे लोंबणारं प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतं. मी तंबू काढला, कारण रस्त्यावर राहायला तंबूवाले आहेतच. जीन्सच्या दोन पँटी काढल्या, स्टोव्ह काढला, तीन पुस्तकांतली अडीच काढली. अडीच म्हणजे एका जाड पुस्तकाची उरलेली पानं फाडून नेली, त्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. काटा तेवीसवर आला. चे गव्हेरा १९५२ मध्ये मित्राबरोबर एका जुन्या ५०० सीसीच्या नॉर्टनवर निघाला होता. ती चिलीत कायमची बसली आणि पुढचा खंड दोघांनी चालत आणि ट्रकवाल्यांच्या कृपेनं पाहिला. तिच्यावर सामान किती होतं याचे फोटो पाहिले की मला मोटारसायकलचीच दया येते.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते, ती मी केली होती. विमा आणि पीयूसी दौऱ्याच्या मधेच संपत नाहीत ना, एवढं तारखांवरून बघा. किल्लीची जोडी सोबत्याकडे द्या, आपल्याच बॅगेत ठेवू नका.

गाडी माणसाला बसते का, याकडे मात्र कुणी बघत नाही. पुण्यात २०११ मध्ये उर्वशी पाटोळे यांनी 'बायकर्नी' हा स्त्रियांचा मोटारसायकल गट सुरू केला, तेव्हापासून या शहरात लांबवर गाडी नेणाऱ्या बायका नवलाईच्या राहिल्या नाहीत. अशाच एकीनं फोनवर मला झापलं. "गाडी पाच फूट दहा इंचाच्या पुरुषाच्या मापाची बनवतात, म्हणून आम्हाला ती जुळवून घ्यावी लागते. तुम्ही तर बघतच नाही आणि मग मनगटं धरून बसता." तिनं सांगितल्याप्रमाणे सीटवर बसून डोळे मिटले, हात सहज पुढे टाकले. बोटं ज्या कोनात पडली त्या कोनात क्लच आणि ब्रेकचे दांडे वळवले. दहा मिनिटांचं काम, एक पाना. अठरा वर्षांचं मनगटाचं दुखणं निम्म्यावर आलं. मागच्या शॉकअपची स्प्रिंगही सामानाच्या वजनाप्रमाणे दोन घरं कडक केली.

आणि मग मेस्त्रींनी सांगितलं, आता पावसात जाऊन या. सर्व्हिसिंग करून थेट दौऱ्याला निघायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. नव्यानं उघडलेली प्रत्येक गोष्ट चुकीची बसलेली असू शकते, ती पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये कळते. जुलैच्या एका शनिवारी पूर्ण सामान लादून आम्ही राधानगरीमार्गे निघालो. दाजीपूरला पाऊस आला आणि कळलं की रेनकोट सगळ्यात खालच्या पिशवीत आहे. फोंडा घाटात समोरचं दहा फूट दिसेना तेव्हा माझा पुढचा दिवा गेला, कारण जोडणीत पाणी शिरलं होतं. मालवणला पोचलो तेव्हा रबर जळाल्याचा वास येत होता. उजवी पिशवी सायलेन्सरला टेकून तिला बशीएवढं भोक पडलं होतं आणि आतला पायमोजा वाफाळत होता. परतताना आंबोलीच्या चढावर कॅरिअरचा एक बोल्ट कुठे गळून पडला ते कळलं नाही. त्या एकाच नटावर मी रेघ ओढायला विसरलो होतो. भाच्याचे धुक्याचे दिवे, मोबाईल आणि कॅमेरा एकदम चालू असताना एक फ्यूज उडाला, आणि जादा फ्यूज ज्या पिशवीत होते ती पिशवी पुण्याला होती.

सोमवारी मेस्त्रींना हे सगळं सांगितलं. इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नाही.

गणपती उठल्यावर निघालो. जाऊन-येऊन सहा हजार किलोमीटरच्या आसपास. त्याचं वर्णन हा या लेखाचा विषय नाही, आणि पँगाँगच्या निळाईवर पुरेसं लिहून झालं आहे. फक्त तयारीपुरतं सांगतो. अटल बोगदा ओलांडून टांडीला पोचलो. इथल्या पेट्रोल पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी कित्येक वर्षं प्रवाशांना धाक घालत आली आहे. टाकी चौदा लिटरची, घाटात लिटरला सव्वीस पडतील असा माझा हिशेब होता, म्हणजे अगदी काठावर. पाच लिटरचं कॅन काठोकाठ न भरता थोडी जागा ठेवून भरून घेतलं, कारण वर चढताना आतल्या वाफा फुगतात. तसंच टायरचं. बाहेरचा दाब घटला की गेजवर टायरची हवा वाढलेली दिसते, चिवड्याचं पाकीट फुगतं तसं. आमचं पाकीट सरचूत फुटलं. बारलाचा ला चढायच्या आधी, दारचा इथल्या एका ढाब्यामागे, मी सुईची क्लिप एक खाच वर घेतली. बोटं खरंच वळत नव्हती. क्लिप उडाली नाही.

मोरे मैदानात एक केरळी जोडपं वाऱ्यात पंक्चर गाडी घेऊन उभं होतं, ट्यूबवालीच. मी चाक खोललं, भाच्यानं त्याची गाडी शेजारी तिरकी करून साइड स्टँडच्या जोरावर टायरची कडा दाबून सोडवली. ही युक्ती मला माहीत नव्हती, त्यानं कुठून शिकली ते सांगितलं नाही. बुश डावीकडचा होता. फोटो काढला होता.

खार्दुंग ला खिंडीत पाटीवर १८,३८० फूट लिहिलं होतं, खरी उंची १७,५८२ च्या आसपास. फोटो सगळे पाटीजवळच काढतात, आम्हीही काढला. माझी गाडी तिथवर दुसऱ्या गिअरात, फार झालं तर पहिल्यात आली. भाचा वर पोचून माझी वाट बघत होता. पोचेल ना, हा प्रश्न त्यानं त्यानंतर विचारला नाही.

कोल्हापुरात परतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी शेडमध्ये नेली. मेस्त्रींनी आधी चेन बघितली, मग रेघा बघितल्या. चार तुटल्या होत्या, त्या मी वाटेत आवळून परत ओढल्या होत्या, वेगळ्या गुलाबी रंगानं, कारण लाल बाटली घरी परत मागवली गेली होती. मग त्यांनी हत्यारांची गुंडाळी उलगडली आणि एकेक वस्तू बाकावर मांडली. क्लचची केबल जागेवरच, न वापरलेली. प्लग, कंडेन्सर, पॉइंट तसेच. टाकी गळली तर चोळायचा साबण, एम-सील, तसेच. काडेपेटीत दोन्ही क्लिपा. जे वापरलं नाही ते ते परत खणात टाकत होते आणि बिलातून कमी करत होते.

शेवटी त्यांनी तारेचं भेंडोळं उचललं, उलगडून वितीनं मोजलं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्यातली बारीक तांब्याची तार कमी हाय. काय तुटलं हुतं?"

मी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. पांगच्या तंबूत रात्री डाव्या काडीचा स्क्रू पडला होता. बिजागरीतून तार ओवून तीन पीळ दिले होते. मेस्त्रींनी चष्मा उजेडात धरला, काडी दोनदा उघडून मिटली, पिळाचं टोक नखानं आत दाबलं.

"टोक आत वळवायचं असतं," ते म्हणाले, "न्हाईतर कानाला लागतंय," आणि चष्मा परत दिला.